उशाखालची कात्री

तुम्हाला म्हणून सांगते, झोप लागताना मला समुद्र ऐकू येत नाही, शिलाई मशीन ऐकू येतं. पुढच्या खोलीत सूनबाई शिवत असते, मागच्या खोलीत मी चटईवर आडवी, आणि ते मशीन खडखडत खडखडत लांब जातं, आणखी लांब जातं, पार दर्यावर जातं. मग मी गेलेच म्हणून समजा.

आजची दुपारही तशीच आहे. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, दारचा गुलमोहर पेटलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमचं गाव माएबूर, मॉरिशस बेटाच्या किनाऱ्यावर. दुकानावर पाटी आहे, 'इटू टेलर्स'. इटू हे आमचं आडनाव. कितीतरी पिढ्यांमागे कुणी विठू शिंपी रत्नागिरीकडून या बेटावर आला आणि गोऱ्या कारकुनाने विठूचा इटू करून ठेवला. तो आम्ही अजून वागवतोय. माझं नाव सत्यभामा. नावासारखाच स्वभाव आहे असं लोक म्हणतात. लोक कशाला खोटं बोलतील?

आज एकच गोष्ट निराळी आहे. माझ्या उशाखाली कात्री नाही.

ही म्हणजे कापड कापायची मोठी कात्री, पितळी मुठीची, आमच्या ह्यांची. शिंप्याच्या दुकानात शिवणारे चार असतील, कापणारा एकच असतो. कात्री ज्याच्या हातात, तो मास्तर. बाकी सगळे हाताखालचे. हे गेले आणि कात्री माझ्याकडे आली. दिवसा ती माझ्या हातात असते आणि निजताना उशाखाली. उशाशी लोखंड असलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, गेलेली माणसं जवळ फिरकत नाहीत, असं मला माझ्या आईने सांगितलं आणि तिला तिच्या आईने. तीन वर्षं झाली, मला स्वप्न म्हणून पडलेलं नाही.

आज ती कात्री तांदळाच्या पिंपात, तळाशी आहे. मीच लपवली.

त्याचं असं झालं. माझी सून नोएमी, क्रिओल मुलगी. इथल्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून ज्यांना साखळदंड घालून आणलं, त्यांच्या वंशातली. माझ्या दिगंबराने तिला पसंत केली तेव्हा मी चांगली फुरंगटून बसले होते. मग तिने घातलेली काजाबटणं पाहिली आणि गप्प झाले. मुलीच्या हातात कला आहे. खोड म्हणाल तर एकच. दोरा दातांनी तोडते. मी रोज ओरडते, "अगं, दात आहेत की अडकित्ता?" ती नुसती हसते.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टर म्हणाला, आता बारीक काम सोडा. म्हणून काल मी नोएमीला बोलावलं आणि मोठ्या मनाने म्हटलं, दुकान तुझं. त्याबरोबर अटीही सांगितल्या. पाटी तीच राहील. माझी खुर्ची जिथे आहे तिथेच राहील. जुनी गिऱ्हाइकं माझ्याशीच बोलतील. आणि कापड मीच कापेन.

घरात आमची भाषा क्रिओल. मराठी लागते ती देवापुढे आणि भांडणात. पण तिचं बोलणं तुम्हाला मराठीतच सांगते.

"आई, मग मला काय मिळालं?"

"अख्खं दुकान दिलं की!"

"उद्या दिवेलागणीला मला एवढंच सांगा, कात्री कुणाची. माझी नसेल तर मी क्युरपीप शहरात कपड्यांच्या कारखान्यात जाते. तिथे मला कटिंगला घेतायत."

झालं. माझ्याच दुकानात मलाच मुदत. नोएमी चोर नाही, तिला कुणी चोर म्हटलं तर मी त्याचं थोबाड फोडीन. तरीपण जेवण झाल्यावर मी कात्री तांदळात खुपसली आणि चटईवर आडवी झाले. पुढे मशीन सुरू झालं. आता ते लांब जातंय. दर्यावर गेलं.

"काय गो भामे, लोखंड काढलंस वाटतं एकदाचं?"

हे दारात उभे आहेत. गळ्यात टेप, कानावर खडू. शर्टाचं वरचं बटण तुटलेलंच आहे. शिंप्याच्या शर्टाला बटण नाही म्हणून मी जन्मभर बोलले, मेल्यावरही लावून घेतलेलं नाही.

"तीन वर्षं उंबऱ्यापर्यंत येतो आणि माघारी जातो," हे म्हणतात. "तू आपली पहारेकऱ्यासारखी कात्री घेऊन निजलेली."

"मग हाक मारायची!"

"मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ दिली असतीस?"

"नसती दिली," मी म्हणते. खरं ते खरं. पण मला रडू फुटतं. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता, त्याला मीच दाराबाहेर ठेवलं होतं. मी ह्यांच्या बाहीला डोळे पुसते. बाहीला खडूचा वास येतो.

"पूस नीट. काम आलंय. मोठं गिऱ्हाईक आहे."

मी दुकानाची पायरी उतरते. पायरीखाली रस्ता नाही, मोठं पटांगण आहे. समोर बंदर, बंदरात शिडांचं नुसतं रान. पटांगणात लाल डगल्यांचे शिपाई बसलेत, त्यांतले कितीतरी आपल्यासारखे काळेसावळे. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाचं भांडं वेगळं. एकजण भाताचं आधण ढवळत दुसऱ्याला म्हणतो, "सावली पाडू नकोस रे भातावर." चक्क मराठीत. तेव्हा मला कळतं आपण कुठे आलोय. ही मुंबईची पलटण. इंग्रजांनी फ्रेंचांकडून हे बेट घेतलं, ते साल अठराशे दहा.

मला न कळून कसं चालेल? ही गोष्ट मी हजारदा ऐकलीय. माप घेताना गिऱ्हाईक हलू नये म्हणून हे प्रत्येकाला गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट एकच. आधी आमच्या माएबूरच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांची जहाजं कशी बुडवली. मग इंग्रज मुंबई, मद्रास, बंगालच्या पलटणी घेऊन उत्तरेकडून कसे उतरले. मुंबईच्या पलटणीबरोबर आमचा विठू शिंपी कसा आला. हे शेवटचं खरं की खोटं, ते विठूच जाणे. पण खांदा, छाती, कंबर, बाही, एवढ्यात गोष्ट संपायची आणि मापही.

"शिंपीण आली का?" एक लाल डगलेवाला गोरा साहेब विचारतो. त्याच्या शेजारी एक जाडा फ्रेंच मालक उभा आहे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बंदरावरची गोदामं त्याचीच. आपलं सरकार बुडाल्याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत नाही.

"आली," मी म्हणते. "काय शिवायचं?"

"झेंडा. सूर्य बुडायच्या आत आमचा झेंडा वर चढला पाहिजे."

"चढेल. कापड आणा."

आणतात तो फ्रेंचांचाच झेंडा. जाड लोकरी कापड, खाऱ्या वाऱ्याने राठ झालेलं. निळा, पांढरा, तांबडा. मी तो मांडीवर पसरते आणि मला हसू येतं.

"अहो, रंग तर तेच आहेत!"

"तेच तर," हे म्हणतात. "रंग तेच, कापणी दुसरी. म्हणून तर शिंपी लागतो."

मी कात्रीसाठी उशाखाली हात घालायला जाते. इथे उशी कुठली? मालक जुडग्यातली किल्ली काढतो, एक पेटी उघडतो आणि कात्री माझ्यापुढे ठेवतो. मी कापायला लागते. तुम्हाला सांगते, काय हात चालतो माझा! मोतीबिंदू कुठल्या कुठे. निळ्याचे चार तुकडे, पांढऱ्याच्या तिरक्या पट्ट्या, तांबड्याची फुली. सगळा दर्या थांबून माझ्याकडे बघतोय असं मला वाटतं.

तेवढ्यात शेजारी कटकन आवाज होतो. जमिनीवर एक बाई बसलीय, माझे तुकडे जोडून शिवतेय. टाका संपला की मान वाकवते आणि दोरा दातांनी तोडते.

"बाई गं, दात आहेत की अडकित्ता?" सवयीने माझ्या तोंडून निघून जातं.

ती वर बघते. डोळे नोएमीचे. वय माझ्याएवढं, पण डोळे नोएमीचे. पुढच्या दोन दातांना खाच पडलीय, सुतार लाकडाला पाडतो तशी.

"कात्री मालकांच्या पेटीत असते," ती क्रिओलमध्ये म्हणते. "आमच्या हातात देत नाहीत. आम्ही फक्त शिवायचं."

मी माझ्या हातातल्या कात्रीकडे बघते.

इकडे ह्यांनी साहेबाच्या नव्या डगल्याचं माप घ्यायला सुरुवात केलीय, आणि माप म्हटलं की गोष्ट आलीच. "हात खाली सोडा साहेब. तर काय तह झाला म्हणता! असा तह दुनियेत झाला नाही. फ्रेंच शिपाई कैदेत गेले नाहीत, तुमच्याच जहाजांतून आपल्या मुलखात परत गेले. राहिले त्यांचा धर्म राहिला. कायदे राहिले, चालीरीती राहिल्या, घरदार, मालमत्ता, सगळं होतं तसंच. आणि ज्याला तुमचं राज्य पटणार नाही, त्याने दोन वर्षांत आपलं चंबूगबाळं घेऊन खुशाल निघून जावं. कुणाचं म्हणून काही गेलं नाही! श्वास सोडा साहेब, छाती झाली."

साहेब पुतळ्यासारखा उभा आहे. मालक खुशीत मान हलवतोय.

"आणि माझं काय ठरलं?" जमिनीवरची बाई विचारते. सुई थांबलेली नाही, नुसतं विचारते. "माझं काही लिहिलंय का त्यात?"

ह्यांच्या हातातला टेप तसाच लोंबकळत राहतो. हे गोष्ट मध्येच सोडतात असं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

"अहो, सांगा की," मी म्हणते.

"मालमत्ता राहिली ना मालकांची," हे हळूच म्हणतात. "त्या मालमत्तेत ही आली."

"दुकानात हे कधी बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर गिऱ्हाईक हललं असतं गो. माप चुकलं असतं."

मला त्यांचा राग येतो. गोष्ट अर्धी सांगून चाळीस वर्षं लोकांना सरळ उभं केलं या माणसाने. पण राग काढायला वेळ नाही, सूर्य खाली चाललाय. मी शेवटची तांबडी फुली मांडीवर घेते आणि उरलेल्या निळ्या कापडातून ओढलेल्या दोऱ्याने स्वतः टाके घालायला लागते. मालक पुढे होतो, माझ्या शेजारची कात्री उचलतो, पेटीत टाकतो, किल्ली फिरवतो.

"अहो, माझं व्हायचंय!"

"कापणं झालं ना? मग कात्रीचं काय काम? रीत तीच आहे."

राहू दे तुझी कात्री, मी मनात म्हणते आणि शिवण पुरी करते. झेंडा तयार. शिपाई तो उचलतात, दोरीला बांधतात, ढोल वाजायला लागतात. झेंडा वर निघतो. आणि त्याबरोबर मीही.

शिंप्याच्या जातीला ही चूक ठाऊक आहे. मांडीवर घेऊन शिवताना सुई खालच्या कपड्यातूनही जाते आणि कामाबरोबर आपलंच धोतर नाहीतर आपलंच लुगडं शिवलं जातं. शिकाऊ पोरं करतात. मी, सत्यभामा इटूने, आपला पदर इंग्रजांच्या झेंड्याला शिवलाय.

"थांबा! अरे थांबा, पदर!" मी ओरडते. ढोलांपुढे कोण ऐकतो? मी टाचा उचलते, मग चवड्यांवर येते. साडी सुटायची पाळी. "मालक, कात्री!" मालक जुडगा वाजवून दाखवतो आणि दुसरीकडे बघतो. "अहो, तुम्ही तरी!"

"माझी कात्री कुठेय?" हे विचारतात.

"तांदळाच्या पिंपात!"

हे असे हसतात, असे हसतात, की त्यांना खाली बसावं लागतं.

"हसता काय! तुम्ही तरी मला जिवंतपणी कुठे दिलीत? हात थरथरायचे, बाह्या लांड्याआखूड व्हायच्या, तरी मुठीत धरून बसला होता!"

"म्हणून तर मेल्यावर यावं लागलं गो," हे डोळे पुसत म्हणतात.

माझे पाय जमिनीवरून सुटतात. एवढ्यात ती बाई उठते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. ती माझा पदर धरते, मान वर करते आणि त्या खाचेत दोरा घालून कटकन तोडते. मी धपकन खाली येते. झेंडा एकटाच वर जातो आणि फडकायला लागतो.

"उलटा शिवलास," हे वर बघून म्हणतात.

"उलटा नाही. त्यांनी उलटा बांधला."

मी त्या बाईकडे वळते. तिला काहीतरी द्यावं म्हणून कमरेला हात लावते, तर कमरेला काही नाही. तिच्या दातातून जरासं रक्त आलंय. मला लाज वाटते, साफ सांगते. माझ्या कालच्या अटी मला पाठ आहेत. पाटी तीच, खुर्ची तीच, गिऱ्हाइकं तीच, कात्री माझी. असा तह दुनियेत झाला नाही.

"तुझं नाव काय गं?" मी विचारते.

ती सांगते. पण ढोल वाजतायत आणि ओठ हलताना तेवढे दिसतात.

आता पटांगण नाही. आम्ही दोघं आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलोय, समोर माएबूरची खाडी, पाणी ओसरलेलं. ह्यांनी कानावरचा खडू काढून माझ्या हातात दिलाय. आत कुठेतरी मशीन चाललंय, फार लांब.

"परत याल?" मी विचारते.

"उशाखाली काही नसलं तर येईनच की. मला काय दुसरं काम आहे?"

"बटण लावून देते, थांबा जरा."

"आता पुढच्या वेळी," हे म्हणतात आणि उठतात. मशीन जवळ येतंय, खोलीत येतंय, माझ्या डोक्याशी येतंय.

मी जागी होते. खिडकीत ऊन उतरलंय. मशीन चालूच आहे, पुढे नोएमी शिवतेय. मी उठून बसते, पदर सारखा करते आणि बोटांना काहीतरी राठ लागतं. पदराच्या काठाला दोन टाके आहेत. निळा लोकरी दोरा, जाड, खारट वासाचा, एका टोकाला तुटलेला. आमच्या दुकानात असला दोरा नाही. या गावात असला दोरा नाही. मी तो डोळ्यांजवळ नेऊन बघते. मोतीबिंदू असला तरी निळं मला दिसतं.

घाबरले नाही मी. उठले, स्वयंपाकघरात गेले, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि कात्री काढली. मुठीच्या कड्यांतून तांदूळ सांडले ते तसेच राहू दिले.

नोएमी मशीन थांबवते. पायाशी तिची पिशवी भरून तयार आहे. ती माझ्या हाताकडे बघते. मी कात्री कापायच्या फळीवर ठेवते, मूठ तिच्या बाजूला.

"दिवेलागण व्हायचीय अजून," ती म्हणते.

"मला घड्याळ कळतं."

"आणि अटी?"

"अटी तू घालायच्या. पाटीवर काय लिहायचं ते लिही, खुर्ची कुठे टाकायची तिथे टाक. माझी एकच अट आहे. मला तुझं राज्य नाही पटलं, तर दोन वर्षांत माझं चंबूगबाळं घेऊन निघून जायची मोकळीक हवी."

ती हसायला लागते, मग हसता हसता तिचे डोळे भरतात. उठून माझ्याजवळ येते, आणि तिचं लक्ष माझ्या पदराकडे जातं. "आई, हा कसला दोरा लागलाय?" म्हणत ती पदर हातात घेते, सवयीने मान वाकवते आणि दात पुढे करते.

मी तिची हनुवटी धरून वर उचलते.

"दात कशाला गं?" मी म्हणते. "कात्री आहे ना तुझी."